गुडघ्याइतक्या उंचीवरची मरियामाता

मंगळवार, ८ एप्रिल २०२५

आज सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, मी कॉफीचा दुसरा कप घेऊन आत बसलेली असताना, कॅलन फॉल्सच्या नगरमंडळाने माझ्या पुढच्या दारावर नारिंगी कागद चिकटवला. बेल वाजवली नाही, दार ठोठावलं नाही. वेळ मी लगेच टिपून ठेवली. शाळेत सिस्टर सेंट-गॅब्रिएल सांगायच्या की तक्रारीची सुरुवात तारीख-वेळेने करावी, शेवट मागणीने करावा आणि मध्ये रडू नये.

दार उघडलं तेव्हा चिकटवणारा अजून पायरीवरच होता. डेरेक हॅस्कल, गावाचा बांधकाम निरीक्षक. पोस्टाच्या काउंटरवर माझी एकतीस वर्षं गेली, त्यामुळे हा आजीच्या कडेवर बसून तिकिटं चाटायचा तेव्हापासून मी त्याला ओळखते.

"मला वाटलं तुम्ही घरी नसाल, ऊलेटबाई."

"म्हणजे मी नसताना माझ्या दाराला गोंद फासायचा बेत होता."

"बेत कसला, नियमच तसा आहे. दर्शनी भागी लावायचा."

"नियमात बेल वाजवायला बंदी आहे का?"

तो बुटांकडे बघत राहिला. बुटांना चिखल होता आणि माझ्या पायरीलाही आता तो होता.

कागदात म्हटलं आहे ते असं. टॅमरॅक पार्क या आमच्या वसाहतीतली सगळी घरं कारखान्यात बांधून चाकांवर आणलेली आहेत. १९७६च्या जूनपासून अशा घराच्या प्रत्येक भागाला केंद्र सरकारचा लाल पत्र्याचा बिल्ला कारखान्यातच ठोकतात. घर कायद्याप्रमाणे बांधलं आहे, वाऱ्याला, बर्फाला, आगीला तपासलं आहे, याची ती खूण. नगरमंडळाने मार्चमध्ये ठराव केला की हा बिल्ला प्रत्येक घरावर डोळ्यांना दिसला पाहिजे. ज्या घरावर दिसणार नाही ते असुरक्षित. आठ मेपर्यंत दाखवा, नाहीतर घर पार्कातून हलवा.

हलवा. अडतीस वर्षं एका जागी असलेलं घर. चाकं माझ्या नवऱ्याने, नॉर्मंडने, पहिल्याच उन्हाळ्यात काढून विकली आणि ओढायचा लोखंडी दांडा कापून टाकला. आमचं घर दोन भागांचं, मधोमध जोडलेलं, म्हणजे दोन बिल्ले हवेत. आणि २००७ साली नॉर्मंडने सगळं घर बाहेरून पांढऱ्या व्हायनिल प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी झाकलं. बिल्ले त्या पट्ट्यांच्या आत कुठेतरी असणार. कुठे, ते नॉर्मंडला विचारलं असतं, पण तो गेल्या ऑक्टोबरात गेला. कामाच्या वेळी गैरहजर राहायची त्याला सवय नव्हती, हे त्याने नव्यानेच सुरू केलं.

बुधवार, ९ एप्रिल

नारिंगी कागद नखाने सोलायचा प्रयत्न केला. अर्धा निघाला, अर्धा गोंदासकट दारावर. आता जास्तच वाईट दिसतं.

पार्कात हिंडून आले. जवळजवळ प्रत्येक दारावर नारिंगी. बिल्ला इथे कुणाच्याच घरावर दिसत नाही. पट्ट्या बसवल्या, खाली फळ्या लावून चाकांची जागा झाकली, पुढे झुडपं लावली, म्हणजे घर पाया खणून बांधल्यासारखं दिसतं. बहुतेकांचं हे काम नॉर्मंडनेच केलं. मी कधी कुणाला घर झाकायला सांगितलं नाही. लोकांना मात्र आपल्या घराची लाज वाटते, त्याला कोण काय करणार.

वॉशिंग्टनच्या गृहखात्याला पत्र लिहिलं आणि नोंदणी करून टाकलं. पत्त्याच्या जागी नेहमीप्रमाणे '७, टॅमरॅक रोड' लिहिलं. पोस्टातली नवी मुलगी म्हणाली, "असा रोड नाहीये, मावशी. तो पार्क आहे." मी म्हटलं, "तीस वर्षं या पत्त्यावर पत्रं येतात." ती म्हणाली, "कारण तीस वर्षं ती तुम्हीच लावत होता." या मुलीची बढती होणार नाही.

संध्याकाळी पोर्टलंडहून जिनेटचा फोन. माझी लेक वकिलाकडे नोकरी करते, त्यामुळे ती प्रत्येक गोष्टीला तयार असते, लढाई सोडून.

"आई, सोड ना तो हट्ट. माझ्याकडे ये. खालच्या मजल्यावर एक खोली मोकळीच आहे."

"खिडकी कुठे उघडते?"

"गॅरेजकडे."

"मग गाडीला ठेव तिथे."

शनिवार, १२ एप्रिल

हॅस्कलला फोन करून विचारलं, बिल्ला कुठे असतो. म्हणाला, "मागच्या टोकाला. जमिनीपासून साधारण गुडघ्याइतका वर." मागचं टोक म्हणजे मागचं दार, म्हणजे स्वयंपाकघराची बाजू. हे लहान मुलालाही कळेल.

एमिल सीर मदतीला आला. तो पार्काच्या पार टोकाला राहतो, गोल कोपऱ्यांच्या जुन्या पत्र्याच्या घरात. आमच्यात तेच एक घर अजून कुणी झाकलेलं नाही. बिस्किटांच्या डब्यासारखं दिसतं. एमिल कागदाच्या गिरणीत होता, बायको जाऊन नऊ वर्षं झाली, बोलतो कमी. थंडीत व्हायनिल काचेसारखं फुटतं, म्हणून त्याने माझ्या केस वाळवायच्या यंत्राने एकेक पट्टी शेकली आणि मग अलगद उचकटली. मी गरम टॉवेल पुरवत होते.

"नॉर्मंडचं काम आहे," एमिल म्हणाला. "निघायला नको म्हणतंय."

"तोही तसाच होता."

तीन पट्ट्या फुटल्या. आत गांधीलमाशांचं जुनं पोळं निघालं. बिल्ला नाही.

जाताना विचारलं, "तुझ्या दारावरही कागद आहे ना, एमिल? तुझा बिल्ला कुठे आहे?"

"आधी तुमचा बघू," म्हणाला आणि हत्यारं गोळा करून गेला. शनिवारचे बीन्स मडक्यात जास्त झाले होते, फुकट जाऊ नयेत म्हणून त्याला एक वाडगा दिला.

मंगळवार, १५ एप्रिल

नदीकडच्या भिंतीपाशी बसून जपमाळ केली. तिथे आमचा मरियामातेचा लाकडी देव्हारा आहे. दोन गोष्टी नॉर्मंडला कधीच जमल्या नाहीत, ऑम्लेट आणि देव्हारा. मी २००७ साली स्पष्ट सांगितलं होतं की मरियामाता पुढच्या दाराशी असावी, रस्त्याकडे तोंड करून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्याने बसवली मागे नदीकडच्या आखूड भिंतीवर, एका कोपऱ्यात, गुडघ्याइतक्या उंचीवर. देवाची आई आणि तिला कुत्र्यांनी बघायचं. संत जोसेफ तिच्या शेजारी हवा म्हटलं, तर तो त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, तितकाच खाली. नवरा-बायको भांडून दोन टोकांना बसल्यासारखे. मी सतरा वर्षं बोलले. तो म्हणायचा, "तिथेच बरी आहे ती, क्लो. कामावर आहे."

आज मरियामातेला विनंती केली की बिल्ला कुठे आहे एवढं दाखव. ती नदीकडे बघत राहिली.

रविवार, २० एप्रिल

ईस्टर. नोंदण्यासारखं काही नाही. डुकराची तंगडी भाजली. टेबलावर दोन ताटं मांडली, एक परत कपाटात ठेवलं.

गुरुवार, २४ एप्रिल

वॉशिंग्टनहून फोन आला. बाई सभ्य होती, हे लिहायलाच हवं. बिल्ला हरवला असला तरी ते दाखला देतात, म्हणाली, पण घराचा कारखाना-क्रमांक हवा. स्वयंपाकघराच्या कपाटात तो कागद चिकटवलेला असतो. ते कपाट नॉर्मंडने मोडून नवं केलं. मग खालच्या लोखंडी चौकटीवर कोरलेला असतो. एमिल चिखलात सरपटत घराखाली गेला, गंजाने अर्धे आकडे खाल्ले आहेत. अर्ध्या आकड्यांवर शोधायला वेळ लागेल, कदाचित जून उजाडेल, असं ती म्हणाली. माझी मुदत आठ मे.

दुपारी दुकानात लेलँड बार्कर भेटला. तीन जणांच्या नगरमंडळाचा अध्यक्ष. हातात सेलरीची जुडी.

"कसं चाललंय, क्लोटिल्ड? ते ट्रेलरचं वाईट वाटतं. पण नदीकाठ मोकळा झाला तर गावाला शोभा येईल. बाकं टाकू. तुमच्या नावाचंही एखादं."

"लेलँड, ट्रेलरमध्ये घोडे नेतात. मी घरात राहते. आणि माझ्या नावाच्या बाकावर तू बसलास तर ते मी मोडीन, मेलेली असले तरी."

घरी आल्यावर अंगातला कोट न काढताच खुर्चीत बसले. पिशव्या जड होत्या.

सोमवार, २८ एप्रिल

जिनेटचा परत फोन. तिने गॅरेजकडच्या खिडकीला पडदे शिवले म्हणे. निळे. मी 'बघू' म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला 'बघू' म्हटलं, आणि ती इतकी गप्प झाली की मला वाटलं फोन तुटला.

गुरुवार, १ मे

मे महिना मरियामातेचा, आणि पहिली तारीख कामकरी संत जोसेफची. दरवर्षी एक मेला नॉर्मंड बादली आणि फडकं घेऊन दोन्ही देव्हारे धुवायचा, मग मी फुलांचा मुकुट चढवायचे. धुताना मला जवळ येऊ देत नसे. "तू मुकुट बघ, क्लो, इथे चिखल आहे." म्हणून मुकुट बघायचे. यंदा चिखलही माझाच.

गुडघ्याखाली उशी घेतली आणि मरियामातेपासून सुरुवात केली. मूर्ती बाहेर काढून धुवावी म्हणून उचलली, ती हलेना. स्क्रूने पक्की. डावीकडच्या बाजूला बोटाला काहीतरी लागलं. छोटी पितळी आकडी, कपाटाला असते तशी. मला वाटलं मूर्ती तिथून सुटते, म्हणून आकडी काढली.

मूर्ती सुटली नाही. अख्खा देव्हारा दारासारखा उघडला. मरियामाता सावकाश वळून बाजूला झाली आणि मागे, व्हायनिलमध्ये नीट चौकोन कापून, कडेला पट्टी बसवून, केलेल्या खिडकीत लाल पत्रा होता. चार खिळे. अक्षरं आणि क्रमांक वाचता येतील इतका स्वच्छ. बिजागरीला हात लावला तर बोटाला तेल लागलं.

मी तशीच चिखलातून गुडघ्यांवर भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेले. उठायचं सुचलं नाही. संत जोसेफाची आकडी उजवीकडे होती. त्याच्यामागे दुसरा बिल्ला.

घर आणलं तेव्हा दोन ट्रक नदीकडून आले होते, तिकडे तेव्हा रस्ता होता. घराचं मागचं टोक म्हणजे रस्त्यावरून ओढत आणताना जिथे मागचे लाल दिवे असतात ते टोक. मागचं दार नव्हे. हॅस्कलने हे स्पष्ट सांगायला हवं होतं.

आता आठवतं, घर उतरवलं त्या दिवशी मी एवढंच म्हणाले होते की हे लाल पत्रे गाडीच्या नंबरप्लेटसारखे दिसतात, कॉन्व्हेंटमधल्या मैत्रिणी आल्या तर काय म्हणतील. साधं वाक्य होतं. पुरुषांना साधं वाक्य आणि हुकूम यांतला फरक कळत नाही. वीस वर्षांनी त्याने ते झाकले, पण बुजवले नाहीत. दर मे महिन्यात तेल घालत राहिला आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं त्याला?

मुकुट आज जरा वाकडा झाला. डोळ्यांत साबण गेला होता.

शुक्रवार, २ मे

थेल्मा पिंकहॅमला आणून दाखवलं. ती माझ्या समोर राहते. तिचं घरही नॉर्मंडने झाकलं, आणि तिच्या नदीकडच्या भिंतीवर, गुडघ्याइतक्या उंचीवर, नॉर्मंडने बसवलेला मोठा थर्मामीटर आहे. हवा बघायला ती रोज सकाळी ओणवी होते.

थेल्माने देव्हारा उघडताना बघितला आणि म्हणाली, "हां, माझा थर्मामीटर पण असाच उघडतो."

"काय?"

"उघडतो ना. मी तिथे जादा किल्ली ठेवते. मागे एक लाल पत्रा आहे, त्याच्या खिळ्याला अडकवते."

"थेल्मा. तीन आठवडे तुझ्या दारावर नारिंगी कागद आहे."

"अगं, मला वाटलं तो नॉर्मंडचा शिक्का असेल. सुतार लोक मारतात ना आपल्या कामावर." मग जरा वेळाने, "बसवताना म्हणाला होता तो, कुणी सरकारी माणूस आला तर उघड. इतकी वर्षं कुणी आलाच नाही. आणि आला तो बेल न वाजवताच गेला."

पार्कभर हिंडलो. लाकडी मासा. पाण्याच्या नळीचं चाक. पोस्टपेटी, जिच्यात आम्ही कधीही पत्र टाकलं नाही कारण ती घराच्या मागे होती. नॉर्मंडच्या हातची प्रत्येक वस्तू गुडघ्याइतक्या उंचीवर आणि प्रत्येक वस्तूला पितळी आकडी. मी त्याला आयुष्यभर म्हणत आले की तुला सजावटीतलं कळत नाही. आकड्या उघडताना थेल्मा इतकी हसत होती की तिला माशाला धरून उभं राहावं लागलं.

मंगळवार, ६ मे

आजचा दिवस सविस्तर लिहिते.

हॅस्कलला सकाळी दहाला बोलावलं होतं. तो आला आणि त्याने बेल वाजवली. मी दार उघडायला मुद्दाम वेळ लावला.

बाहेर सगळा पार्क जमला होता. थेल्माने रविवारची हॅट घातली होती. मी हॅस्कलला घराला वळसा घालून नदीकडे नेलं.

"मला इथे काही दिसत नाही, ऊलेटबाई."

"गुडघे टेक."

"काय?"

"उभ्याने दिसत नाही. गुडघे टेक, डेरेक."

त्याने इकडे तिकडे बघितलं आणि चिखलात एक गुडघा टेकला. मी म्हटलं दोन्ही. त्याने दोन्ही टेकले. मूर्तीपुढे न वाकणाऱ्या बाप्टिस्ट घरातला मुलगा, मे महिन्यात, मरियामातेपुढे. सिस्टर सेंट-गॅब्रिएलनी हे बघायला हवं होतं. मग मी आकडी काढली.

 त्याने टॉर्च लावून क्रमांक वाचला, मग बिजागरीवरून बोट फिरवलं.

"हे कुणी केलं?"

"माझ्या नवऱ्याने."

"सुंदर आहे काम," तो म्हणाला. मी मान वळवून नदीकडे बघितलं, कारण तिथे बदकं आली होती.

मग संत जोसेफ, मग थेल्माचा थर्मामीटर, मग मासा. प्रत्येक घरी हॅस्कल गुडघ्यांवर आणि त्याच्या मागे अख्खा पार्क, शाळेत आम्ही मे महिन्याच्या मिरवणुकीत चालायचो तसे. चौथ्या घरापासून लोक आकडी निघाली की टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी डोनट आणले. प्रत्येक बिल्ला पाहिला की हॅस्कल त्या दाराचा नारिंगी कागद स्वतःच्या हाताने काढायचा. पँट मांड्यांपर्यंत चिखलाने भरली होती तरी तक्रार केली नाही. माझ्या दाराशी मात्र म्हणाला, "हा अर्धा आधीच कुणीतरी फाडलाय."

"वारा," मी म्हटलं.

शेवटी पार्काच्या टोकाला पोचलो. एमिल दारातच उभा होता, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून. हॅस्कलने घराला एक फेरी मारली. गोल कोपरे, उघडा पत्रा, कुठेही काही झाकलेलं नाही. आकडी नाही, मासा नाही.

"किती सालचं आहे हे?"

"बहात्तर," एमिल म्हणाला.

टाळ्या थांबल्या. कायदा शहात्तरचा. बहात्तरच्या घराला बिल्ला कधी ठोकलाच नव्हता.

बुधवार, ७ मे

एमिलच्या घरी गेले आणि बसायच्या आधीच सुरुवात केली.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

"आणि तू माझ्या घराखाली चिखलात सरपटत होतास."

"तुमचं वाचण्यासारखं होतं, ऊलेटबाई. माझं नव्हतं. हाताला काम हवं होतं."

याला काय म्हणावं? त्याच्या स्वयंपाकघरात माझा बीन्सचा वाडगा धुऊन, पुसून, खिडकीत ठेवला होता, एवढे आठवडे. परत द्यायचं लक्षात राहत नाही या माणसाच्या. निघताना त्याने नदीकाठी खुडलेले नेच्याचे कोवळे कोंब पिशवीभर दिले. म्हणाला, एकट्याला जास्त होतात. दर वसंतात त्याला जास्त होतात आणि दर वसंतात ते माझ्या पायरीवर येतात. कमी खुडावेत, इतकं साधं आहे.

लोण्यात परतले. चांगले होते.

जिनेटला कळवलं की निळे पडदे दुसऱ्या कुठल्या खिडकीला लाव. आणि हॅस्कलला कळवलं की एमिलचा विषय नगरमंडळाच्या सभेत मांडायचा आहे, तोवर त्याच्या घराला कुणी हात लावू नये. त्याने 'बरं' म्हटलं. हा मुलगा सुधारतो आहे.

मंगळवार, २० मे

टाऊन हॉल भरला होता. बार्कर मधल्या खुर्चीत, दोन्ही बाजूंना उरलेले दोघे. आमच्या घरांचा उल्लेख त्याने घाईघाईने उरकला, "कागदपत्रं समाधानकारक." मग एमिलवर आला.

"श्री. सीर यांचं घर त्रेपन्न वर्षांचं आहे. बिल्ला नाही म्हणजे तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणजे धोका. कुणालाच हे आवडत नाही."

मी उभी राहिले. "लेलँड, हा टाऊन हॉल किती सालचा?"

"अठराशे एक्क्याण्णव. आणि मला त्याचा अभिमान आहे."

"त्याचा बिल्ला कुठल्या कोपऱ्यात आहे? मी वाकून बघते."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. बार्कर म्हणाला, "हा दगडाचा आहे, क्लोटिल्ड."

"म्हणजे बिल्ल्याशिवाय घर सुरक्षित असू शकतं. मग ते खरंच आहे का, हे बघावं लागतं. एमिलचं कुणी बघितलं?"

 मग भिंतीला टेकून उभा असलेला हॅस्कल म्हणाला, "मी बघितलं. गेल्या आठवड्यात, आत आणि खालून. जमिनीला बांधणारे पट्टे नवे आहेत. वायरिंग नवं आहे. धुराची घंटा आहे, बाहेर पडायला दोन दारं आहेत. माझ्या आईला मी त्यात निर्धास्त झोपवीन."

"तुझं मत कुणी विचारलं नव्हतं," बार्कर म्हणाला.

"मी विचारलं," मी म्हटलं. "त्याच्या पगाराला माझाही कर लागतो. आणि लेलँड, एक लक्षात ठेव. शहात्तरनंतरच्या घराला त्याच्या काळाचा कायदा लावलास, आम्ही सगळे गुडघ्यावर बसून त्या कायद्यात बसलो. बहात्तरच्या घराला नंतरचा कायदा लावायचा असेल तर आधी तुझ्या घराची चिमणी मोजू. ती तुझ्या वडिलांनी बांधली, मला आठवतं, आणि ते त्या दिवशी शुद्धीत नव्हते."

बार्करच्या डावीकडची बाई हसू दाबायला पाणी प्यायली आणि तिला ठसका लागला. ठसका आवरल्यावर तिने सुचवलं की पार्कात आधीपासून असलेली जुनी घरं निरीक्षकाने सुरक्षित ठरवली तर राहू द्यावीत. दुसऱ्याने हात वर केला. बार्करने दोन्ही बाजूंना बघितलं.

"ठीक आहे. राहू दे एमिलला. झालं समाधान?"

सगळे उठून उभे राहिले. थेल्माने हॅट हवेत उडवली आणि ती पंख्यात अडकली. एमिल तिथेच बसून होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि माझ्याकडे बघत होता. चष्मा पुसायला हवा होता त्याने.

मी मात्र उभीच होते. "हे लेखी कधी मिळेल?"

"क्लोटिल्ड, अख्ख्या गावासमोर शब्द दिला मी."

शब्द. पोस्टात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला हा माणूस शब्द देतो.

शुक्रवार, २३ मे

तीन दिवस झाले, एमिलच्या दारावर कागद तसाच. माझ्या दारावर गोंदाचा डाग तसाच. त्याला आता पार्कातल्या कुणाच्यातरी कुत्र्याचे केस चिकटले आहेत.

एमिल सकाळी फुटलेल्या पट्ट्या बदलायला आला होता. म्हणाला, आता बिल्ला सापडलाच आहे, तर मरियामातेला वर, डोळ्यांच्या उंचीवर घेऊ या का, तुमची जुनी इच्छा होती. मी नको म्हटलं. भिंतीला उगाच भोकं कशाला. बिजागरीत फक्त दोन थेंब तेल घातलं.

पुढचं पत्र आज नोंदणीने टाकलं. नक्कल इथे ठेवते.

प्रति, श्री. लेलँड बार्कर, अध्यक्ष, नगरमंडळ, कॅलन फॉल्स.

८ एप्रिल रोजी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी आपल्या आदेशाने माझ्या दारावर कागद चिकटवण्यात आला. तो आदेश चुकीचा होता हे सहा मे रोजी आपल्याच निरीक्षकाने, गुडघ्यांवर बसून, पाहिलं आहे. वीस मेच्या सभेत आपण श्री. एमिल सीर यांचं घर जागच्या जागी राहील असं अख्ख्या गावासमोर सांगितलं. ते मला आपल्या तिघांच्या सह्यांनिशी कागदावर हवं आहे, एक प्रत श्री. सीर यांना, एक मला. श्री. सीर यांच्या दारावरचा कागद काढून न्यावा. माझ्या दारावरचा गोंदही काढून न्यावा, आणि तो श्री. हॅस्कल यांच्याकडून नव्हे, त्यांचं काम त्यांनी केलं आहे. आपण स्वतः यावं. कोमट पाणी आणि व्हिनेगर मी देईन, चिंधी आपली आणावी.

लेखी उत्तर शुक्रवार, तीस मे, दुपारी बारापर्यंत माझ्या हातात पडावं. न पडल्यास पुढच्या सभेला टॅमरॅक पार्क सगळाच्या सगळा येईल आणि बसायला जागा पुरणार नाही.

क्लोटिल्ड ऊलेट
घर क्रमांक ७, टॅमरॅक पार्क

ता. क. मी घरीच असेन. बेल वाजवावी.